रिकामा स्लॉट : ग्राफिक्स कार्ड, 'वूडू' आणि अपग्रेडच्या छंदाचा इतिहास

१/
१९९६ सालच्या अखेरीस ज्यांनी आपल्या संगणकात 'ऑर्किड राइटिअस थ्रीडी' हे कार्ड बसवले, त्यांच्या स्मरणात एक आवाज कायमचा राहिला. खेळ सुरू होताच कॅबिनेटच्या आतून 'टक्' असा स्पष्ट आवाज येई. कार्डावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा यांत्रिक स्विच, पडद्याचा ताबा एका कार्डाकडून दुसऱ्याकडे देत असे. त्या कार्डावरची 'वूडू' चिप घडवणारी कंपनी पुढच्या चार वर्षांत संपली. तिचा उदय आणि अस्त म्हणजेच घरी संगणक जुळवण्याच्या छंदाचा पहिला मोठा अध्याय होय. #थ्रेड

२/
या कथेचा आरंभ चिपपासून नव्हे, रिकाम्या जागेपासून होतो. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील लहानशा गटाने तो सुमारे वर्षभरात उभा केला होता. वेळ कमी असल्याने बहुतेक भाग बाहेरून घेतले गेले. मदरबोर्डावर पाच स्लॉट ठेवण्यात आले, आणि त्यांत कार्ड कसे बसवावे याची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने कोणालाही विकत मिळू लागली. पडद्यावर चित्र उमटवण्याची सोय मूळ मदरबोर्डावर नव्हतीच. त्यासाठी स्लॉटमध्ये कार्ड घालावे लागे. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे यंत्र अपुरे होते, आणि ते पुरे करण्याचा अधिकार मालकाकडे होता.

३/
आयबीएमने स्वतः दोन कार्डे दिली. एमडीए कार्डावर अक्षरे सुबक दिसत, पण चित्र मुळीच काढता येत नसे. सीजीए कार्डावर चित्र आणि रंग होते, परंतु ३२० × २०० ठिपक्यांच्या पडद्यावर एका वेळी चारच रंग, आणि अक्षरे ओबडधोबड. दोहोंपैकी एक निवडा, असा तो मामला.

४/
हा पेच सोडवला तो एका थाई विद्यार्थ्याने. व्हॅन सुवानुकुल यांना आपला प्रबंध आयबीएमच्या संगणकावर थाई लिपीत लिहायचा होता. एमडीएची अक्षरे ठरलेली, त्यांत थाई नाही. सीजीएचे ठिपके इतके विरळ की थाई अक्षरांची वळणे त्यांत मावत नाहीत. त्यांनी स्वतःच कार्ड घडवले. १९८२ मध्ये आलेल्या त्या 'हर्क्युलिस' कार्डावर ७२० × ३४८ ठिपक्यांचे एकरंगी चित्र उमटे आणि अक्षरेही स्वच्छ दिसत. लोटस १-२-३ सारख्या प्रोग्रामनी त्याला पाठिंबा दिला आणि जगभरच्या कचेऱ्यांत ते पोचले. गेमिंगशी जोडला गेलेला हा सारा व्यवसाय एका लिपीच्या अडचणीतूनही वाढला, हे फारसे सांगितले जात नाही.

५/
तोच प्रश्न देवनागरीपुढेही होता, आणि त्याचे उत्तरही कार्डच ठरले. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले काम मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये नेले. त्यातून 'जिस्ट' कार्ड आले. ते स्लॉटमध्ये बसवले की वर्डस्टार, डीबेस यांसारखे मूळ इंग्रजी प्रोग्रामही भारतीय लिप्यांत चालत. संगणक तोच, प्रोग्राम तेच. एक कार्ड घातले आणि यंत्र मराठी लिहू लागले. अपग्रेड या शब्दाचा इतका नेमका अर्थ क्वचितच सापडेल.

६/
आता त्रिमितीकडे. १९९० च्या दशकाच्या आरंभी संगणकावरील त्रिमितीय चित्र ही सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या महागड्या यंत्रांची मिरास होती. 'ज्युरासिक पार्क'मधील (१९९३) संगणकनिर्मित डायनासोर याच यंत्रांवर घडले. त्या कंपनीत काम केलेले रॉस स्मिथ, गॅरी टॅरोली आणि स्कॉट सेलर्स हे तिघे १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात एकत्र आले आणि त्यांनी थ्रीडीएफएक्स स्थापन केली. मोठ्या यंत्राचे काम घरच्या पीसीतील एका कार्डावर आणायचे, हा त्यांचा बेत.

७/
बेत चांगला होता, पण मेमरी परवडत नव्हती. म्हणून वूडू चिप आधी नाणे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांत गेली. १९९६ मध्ये मेमरीचे भाव कोसळले आणि ४ एमबीचे कार्ड सुमारे ३०० डॉलरमध्ये विकणे शक्य झाले. थ्रीडीएफएक्सचे यश केवळ अभियंत्यांच्या बुद्धीचे फळ नव्हते. बाजारातील एका घसरणीने ऐन वेळी दार उघडले होते, आणि ती कंपनी त्या दारापाशी तयार उभी होती.

८/
काटकसरीसाठी या कार्डाने एक मोठे काम सोडूनच दिले. साध्या खिडक्या, अक्षरे, डेस्कटॉप यांचे चित्र ते काढतच नसे. त्यासाठी जुने कार्ड संगणकात ठेवावे लागे. जुन्या कार्डातून निघालेली केबल वूडूमध्ये आणि वूडूतून मॉनिटरमध्ये, अशी ती साखळी. खेळ सुरू झाला की वूडू मध्येच पडद्याचा ताबा घेई. आरंभीचा तो 'टक्' आवाज याच क्षणाचा. आजच्या दृष्टीने हा जुगाड वाटेल, पण त्याचा फायदा असा की जुने काहीही फेकावे लागत नसे.

९/
१९९६ च्या जून महिन्यात आयडी सॉफ्टवेअरचा 'क्वेक' आला. सर्वसाधारण संगणकावर तो ३२० × २०० ठिपक्यांत, जवळ गेल्यास भिंतींचे चौकोनी तुकडे दिसतील अशा रूपात चाले. १९९७ च्या आरंभी जॉन कार्मॅक यांनी घडवलेली 'जीएलक्वेक' ही आवृत्ती निघाली. वूडूवर तोच खेळ ६४० × ४८० ठिपक्यांत, गुळगुळीत भिंतींसह आणि अधिक वेगाने धावला. नवा प्रोसेसर नाही, नवा संगणक नाही. फक्त एक कार्ड. कचेरीसाठी ठेवलेला स्लॉट आता रात्री जागणाऱ्या पोरांच्या मालकीचा झाला.

१०/
भारतात हे सुख स्वस्त नव्हते. तेव्हाच्या सुमारे ३५ रुपयांच्या दराने ३०० डॉलर म्हणजे दहा हजारांच्या पुढे, आणि आयातशुल्क निराळे. मार्च १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात प्रवेश केला, आणि संगणकाच्या अनेक भागांवरील शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथील 'असेंबल्ड' संगणकांचा व्यापार याच काळात फुलला. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्या, एसएमपीएस तिसऱ्या. ही पद्धत शक्य झाली तीही १९८१ च्या त्या उघड्या रचनेमुळेच.

११/
१९९८ मध्ये वूडू-२ आले आणि त्याबरोबर एसएलआय. दोन वूडू-२ कार्डे रिबन केबलने जोडायची. पडद्यावरील एक ओळ एक कार्ड काढी, पुढची ओळ दुसरे. १०२४ × ७६८ ठिपक्यांत खेळ चालू लागले. साधे द्विमितीय कार्ड धरून तीन स्लॉट भरत आणि दोन वूडूंची किंमत सहाशे डॉलरपर्यंत जाई. गरजेचा अपग्रेड आणि हौसेचा अपग्रेड यांच्यातील रेघ बहुधा इथेच पुसली गेली.

१२/
दुसऱ्या बाजूला एन्व्हिडिया. जेन्सन हुआंग, ख्रिस मॅलाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम यांनी १९९३ मध्ये काढलेल्या या कंपनीची पहिली चिप, एनव्ही-१, साफ पडली. ती वक्र पृष्ठांवर आधारलेली होती. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीने मात्र त्रिकोण हाच पाया मानला. कंपनीला निम्म्याहून अधिक माणसे कमी करावी लागली. सेगाकडून मिळालेल्या ५० लाख डॉलरवर ती तगली. १९९७ ची रिवा १२८ ही चिप त्रिकोण मानणारी होती, आणि साधे चित्र व त्रिमिती ही दोन्ही कामे एकाच कार्डावर करी.

१३/
एन्व्हिडियाने मग एक लय धरली : दर सहा महिन्यांनी नवे काहीतरी. १९९८ मध्ये टीएनटी, १९९९ च्या वसंतात टीएनटी-२, त्याच वर्षी शरदात जीफोर्स २५६, २००० च्या वसंतात जीफोर्स-२. प्रत्येक कार्ड सर्वोत्तम होते असे नाही. पण छंदिष्टाने पैसे साठवून दुकानात जावे, तेव्हा फळीवर नवीन डबा एन्व्हिडियाचा असे. थ्रीडीएफएक्सचा 'रॅम्पेज' हा मोठा प्रकल्प मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलला जात होता.

१४/
आणि इथे तो निर्णय येतो. तोवर थ्रीडीएफएक्स केवळ चिप विकत असे. कार्डे बनवत डायमंड, क्रिएटिव्ह, ऑर्किड यांसारख्या कंपन्या. डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने एसटीबी सिस्टिम्स ही कार्ड बनवणारी कंपनी सुमारे १४.१ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. मेक्सिकोतील हुआरेझ येथील कारखाना त्याबरोबर आला. आता चिपही आपली, कार्डही आपलेच, नफाही सगळा आपला, हा हिशेब. परिणाम उलटा झाला. कालचे भागीदार एका रात्रीत प्रतिस्पर्धी ठरले आणि चिपसाठी एन्व्हिडियाच्या दाराशी गेले. थ्रीडीएफएक्सच्या गळ्यात कारखाना, माल आणि दुकानदारी पडली. (चिप घडवणारे आणि कार्ड बनवणारे यांच्यातील ओढाताण आजही मिटलेली नाही : २०२२ मध्ये ईव्हीजीए ही एन्व्हिडियाची नामवंत भागीदार कंपनी ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातूनच बाहेर पडली.)

१५/
सॉफ्टवेअरच्या बाबतीतही तीच वृत्ती दिसते. 'ग्लाइड' ही थ्रीडीएफएक्सची स्वतःची प्रोग्रामिंग भाषाशैली म्हणावी अशी व्यवस्था होती. ग्लाइडमध्ये लिहिलेला खेळ तिच्याच कार्डावर चाले. आरंभी यामुळे वेग मिळाला, कारण डायरेक्टथ्रीडी तेव्हा कच्चे होते. पुढे इतरांनी ग्लाइडचे खेळ अन्य कार्डांवर चालवण्याची सोय केली, तेव्हा कंपनीने क्रिएटिव्हला न्यायालयात खेचले. १९९९ च्या अखेरीस ग्लाइडचा सोर्स कोड खुला केला गेला. तोवर खेळ लिहिणारे दुसऱ्या वाटेला लागले होते.

१६/
१९९९ च्या वूडू-३ वरून मात्र कंपनीला अन्यायाने झोडपले गेले, असे म्हणावे लागते. ते कार्ड १६ बिट रंगांपुरते मर्यादित होते आणि टीएनटी-२ वर ३२ बिट रंग होते. डब्यावर ३२ मोठे दिसे. पण त्या काळच्या बऱ्याच खेळांत ३२ बिट रंग चालू केले की वेग इतका उतरे की छंदिष्ट पुन्हा १६ वरच येत. तरीही आकड्याची बाजू जिंकली. ग्राफिक्स कार्ड डब्यावरच्या आकड्यांवरून निवडण्याची खोड तेव्हापासूनची.

१७/
२००० च्या जूनमध्ये वूडू-५ ५५०० आले. दोन चिपा, ६४ एमबी मेमरी. स्लॉटमधून मिळणारी वीज अपुरी पडल्याने हार्डडिस्कचा पॉवर कनेक्टर त्याला वेगळा जोडावा लागे. एका चिपेचे जीफोर्स-२ त्याआधीच बाजारात होते. चार चिपांचे वूडू-५ ६००० तर भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या स्वतंत्र अडॅप्टरसह येणार होते. ते विक्रीला आलेच नाही. १५ डिसेंबर २००० रोजी थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एन्व्हिडियाला विकत असल्याचे जाहीर केले : ७ कोटी डॉलर रोख आणि १० लाख शेअर. ऑक्टोबर २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली.

१८/
ज्यांनी नुकतेच पैसे मोजून वूडू घेतले होते, त्यांचे काय? कार्डे चालू होती, पण ड्रायव्हर देणारे कोणी उरले नव्हते, आणि एन्व्हिडियाने ती जबाबदारी घेतली नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. तेव्हा हौशी मंडळींनीच जुने ड्रायव्हर दुरुस्त करून एकमेकांना पुरवले, आणि हे काम पुढे बरीच वर्षे चालले. एसएलआय हे नाव एन्व्हिडियाने २००४ मध्ये पुन्हा वापरात आणले. त्यातील अक्षरांचा विस्तार तेवढा बदलला.

१९/
वूडू-५ ६००० चे मोजकेच नमुने बाहेर पडले, आणि संग्राहक त्यांसाठी मोठ्या रकमा मोजतात. अलीकडच्या वर्षांत छंदिष्टांनी या कार्डाची रचना उलगडून नवा सर्किट बोर्ड तयार केला, त्यावर जुन्या काळातील चार चिपा बसवल्या, आणि कंपनीला जे विकता आले नाही ते कार्ड स्वतःच्या टेबलावर सुरू करून दाखवले. #इतिहास #संगणक