भाग: रॉन्टगेनचं रबर आणि पळून जाणारं व्होल्टेज

रॉन्टगेन म्हटलं की आपल्याला एक्स-रे आठवतो, साल 1895. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1880 साली, याच माणसाने एका रबराच्या पट्टीचं एक टोक वर अडकवलं, खाली वजन टांगलं आणि पट्टीवर विद्युतभार फवारला. पट्टी काही सेंटिमीटर लांबली! भार काढला की पुन्हा आखडायची.

आता हे का होतं? रबराच्या पातळ पापुद्र्याच्या एका बाजूला धन भार आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार आहे असं समजा. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, म्हणून पापुद्रा चेपला जातो. शिवाय एकाच बाजूचे सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून तो पसरतो. रबराचं आकारमान जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. 50 मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्याला 5000 व्होल्ट दिले, तर दाब साधारण अडीच वातावरणांइतका भरतो. मऊ रबराला तेवढा पुष्कळ झाला.

पण इथेच एक सापळा आहे. व्होल्टेज स्थिर ठेवलं आणि पापुद्रा पातळ झाला, की विद्युतक्षेत्र वाढतं, कारण क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले जाडी. क्षेत्र वाढलं की दाब वाढतो, दाब वाढला की पापुद्रा आणखी पातळ. हे चक्र एकदा सुटलं की थांबत नाही, शेवटी ठिणगी पडते आणि भोक! 1955 साली स्टार्क आणि गार्टन यांनी पॉलिथीनसाठी हा हिशोब मांडला. त्यांच्या साध्या मॉडेलमध्ये जाडी मूळच्या सुमारे 60 टक्क्यांवर आली की खेळ खलास. त्यांचा प्रश्न मात्र इन्सुलेशन का फुटतं, एवढाच होता. यातून स्नायू बनवायचा विचार त्यात नव्हता.

तो विचार जोरात आला 2000 साली. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनलमध्ये पेलरीन आणि सहकाऱ्यांनी पापुद्रा आधीच ताणून चौकटीत बसवला आणि मग व्होल्टेज दिलं. सिलिकॉनमध्ये 117 टक्के, तर अॅक्रिलिकमध्ये 215 टक्क्यांपर्यंत ताण मिळाला. ते अॅक्रिलिक म्हणजे बाजारात मिळणारी थ्रीएमची चिकटपट्टी! आधी ताणल्याने फायदा का होतो, ते पुढे झिगांग सुओ वगैरे मंडळींच्या सिद्धांताने नीट उलगडलं: रबराच्या साखळ्या ताणल्या की ताठ होतात, आणि चक्र सुटायच्या आतच त्याला ब्रेक लागतो.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. हे मॉडेल कोडमध्ये लिहिलं आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं, तर एका आकड्यावर सॉल्व्हर अडतो, उत्तर सापडत नाही. आपल्याला सवय असते बग शोधायची. इथे बग नसतो. त्या व्होल्टेजच्या पुढे जवळपास समतोलच शिल्लक नसतो, आणि गणित तेच सांगत असतं.

मग व्होल्टेजऐवजी भारच स्थिर धरला तर? पापुद्रा पसरला की तोच भार जास्त जागेत वाटला जातो, म्हणजे क्षेत्र कमी होतं. चक्र आपोआप शांत! 2010 साली ऑस्ट्रियातल्या लिंझ इथल्या केप्लिंगर आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवलं. त्यांनी इलेक्ट्रोड काढून टाकले आणि रबरावर थेट भार फवारला.

ओळखीचं वाटतंय ना? रॉन्टगेनने 1880 साली नेमकं हेच केलं होतं. त्याच्या पट्टीला इलेक्ट्रोड नव्हतेच, म्हणून तिला तो सापळाही नव्हता. 130 वर्षं उत्तर तिथेच पडून होतं, पण ते उत्तर आहे हे कळायला आधी प्रश्न नीट मांडावा लागला. जुना प्रयोग वाचताना काय मोजलं हे आपण बघतोच; काय स्थिर ठेवलं होतं, तेही बघत जा.

भेटू पुढच्या भागात!