माप भिंगात नाही, दांड्यात आहे

जुनी घरे मोजणाऱ्या मंडळींत सध्या एक मत जवळपास सिद्धान्ताच्या थाटात वावरते. एका दांड्यावर दोन भिंगे बसवलेला, हातात धरायचा स्टिरिओ कॅमेरा आता कालबाह्य झाला. एकच चांगला कॅमेरा घ्यावा, वास्तूभोवती फिरत दोनतीनशे फोटो काढावेत. संगणक त्यांतून अख्खे घर उभे करतो. मग दांड्याचे लोढणे कशाला?

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. स्टिरिओत भिंतीच्या अंतराची चूक अंतराच्या वर्गाने वाढते आणि दोन भिंगांमधली आधाररेषा लांबवली तरच कमी होते. आधाररेषा ३० सेंटिमीटर, भिंगाचे नाभीय अंतर ३००० पिक्सेल आणि जुळणीतली चूक अर्धा पिक्सेल धरा. माणदेशातल्या आटपाडीच्या एखाद्या अरुंद गल्लीत, ३ मीटरवरच्या भिंतीला चूक ५ मिलिमीटर येते. तोच दर्शनी भाग १० मीटरवरून टिपला की साडेपाच सेंटिमीटर. उलट, एकच कॅमेरा घेऊन ३ मीटर चालणाऱ्याला दसपट आधाररेषा फुकट मिळते. हे सारे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्या फोटोंतून घराचा आकार कळला. ते घर केवढे, हे कोणी सांगितले? दहा मीटरचा वाडा आणि त्याची एक मीटरची हुबेहूब प्रतिकृती एकाच कॅमेऱ्याला अगदी सारखी दिसू शकतात. म्हणून प्रतिपक्ष भिंतीशी एक मीटरची पट्टी उभी करतो. त्या पट्टीवर एका मिलिमीटरची चूक झाली, तर २० मीटरच्या दर्शनी भागात दोन सेंटिमीटर गेले. पट्टी अचूक वाचली असे मानू. तरी ती असते एकाच जागी. देवडीतून चौकात, चौकातून सोप्यात, सोप्यातून अंधाऱ्या माजघरात शिरताना फोटोंची साखळी एकेका दारातून जेमतेम ओवली जाते, आणि प्रत्येक दारात प्रमाण थोडे घसरते. माणदेशातली जुनी घरे अशाच दारांची आहेत. स्टिरिओ कॅमेऱ्याची आधाररेषा मात्र प्रत्येक जोडफोटोत हजर असते, माजघरातसुद्धा. शिवाय तो घेऊन चालायला कोणी मना केले आहे? चालण्याने लांब आधाररेषा मिळते, दांड्याने प्रमाण मिळते. दोघांत वैर आहे हे गृहीतकच चुकीचे.

दुसरा आग्रह मेगापिक्सेलचा. याला उत्तर आकड्यांनीच द्यावे. अर्ध्या पिक्सेलची ती चूक म्हणजे कोनाच्या भाषेत सुमारे एक शतांश अंश. कॅमेऱ्याच्या पाच सेंटिमीटर रुंद बैठकीची एक कड मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने उचलली गेली, की तेवढाच कोन चुकतो. सेन्सर कितीही महाग घ्या, स्क्रू ढिला असेल तर तो पैसा वाया. आणि माणदेशातले ऊन? दांडा अॅल्युमिनियमचा, तीन सेंटिमीटर जाड. त्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगांच्या तापमानात एका अंश सेल्सिअसचा फरक पडला, तरी तो शतांश अंशाहून अधिक वाकतो. सगळा दांडा २५ अंशांनी तापला तर लांबी ०.१७ मिलिमीटरने वाढते, म्हणजे २० मीटरमागे एक सेंटिमीटरहून जास्त. कार्बन फायबर याहून कितीतरी कमी फुगतो. खर्च करायचाच तर तिथे करावा.

ही चिंता नवी नाही. १८४१ मध्ये बिदरजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली गेली ती सर्वेक्षक कोल्बीच्या दांड्यांनी. पितळ आणि लोखंड यांची जोडी अशी बांधलेली, की ऊन वाढले तरी टोकांच्या खुणांमधले अंतर बदलू नये. दुर्बिणी उत्तम होत्या. तरीही सर्वेक्षकांनी जीव टाकला तो दांड्यावर. पुढे झाइस कंपनीनेही इमारतींसारख्या जवळच्या मोजणीसाठी एसएमके ४० आणि एसएमके १२० हे जोडकॅमेरे केले, आधाररेषा अनुक्रमे ४० आणि १२० सेंटिमीटर. दोन्ही तिवईवरचे.

हातात धरण्याने मात्र एक अडचण खरोखर वाढते. दोन्ही शटर एकाच क्षणी उघडली पाहिजेत. हात सेकंदाला दहा अंश फिरत असेल आणि शटरमध्ये एक मिलिसेकंदाचा फरक असेल, तर पुन्हा तोच शतांश अंश. दोन स्वस्त कॅमेरे पट्टीवर ठोकून त्यांच्या मापांवरून स्टिरिओला नावे ठेवणारे नेमके हेच विसरतात. तो दोष तत्त्वाचा की जोडणीचा?

शेवटचा आक्षेप चतुर आहे: दोन भिंगांमधला कोन सॉफ्टवेअर फोटोंवरूनच पुन्हा काढते, मग दांडा कडक कशाला हवा? कोन निघतो, कबूल. पण सपाट भिंतीसमोर ते गणित लंगडते, आणि जुनी भिंत बहुधा सपाटच असते. आधाररेषेची लांबी तर फोटोंतून कधीच निघत नाही.

वाचकांनी माझ्या शब्दावर जाऊ नये. एखाद्या वाड्याच्या दोन टोकांना, देवडीत आणि परसात, खुणा लावाव्यात. त्यांच्यातले अंतर टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने मोजून, पाकिटात बंद करून तिसऱ्याजवळ ठेवावे. एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी दोनला दोन्ही पक्षांनी तो वाडा टिपावा, पट्टी फक्त देवडीत ठेवून. मग पाकीट उघडावे.