टिळ्याची सत्ता

२ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसमध्ये, पोप समोर असताना, नेपोलियनने मुकुट स्वहस्ते मस्तकी ठेवला. आपल्या शेजारच्या देवगडच्या गोंड राज्याचा इतिहास नेमका उलटा आहे. १७४३ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्या राज्याचा कारभार हाती घेतला. फौज त्यांची, वसुली त्यांची. तरी गोंडराजा बुऱ्हाणशहाचे राजेपद त्यांनी राखले. पुढेही गादीवर बसणाऱ्या भोसल्याच्या कपाळी टिळा गोंडराजाने लावायचा, काही महसुली कागदांवर शिक्काही त्याचाच, अशी वहिवाट राहिली. याला निव्वळ औदार्य म्हणणे मला भाबडेपणाचे वाटते. ज्याला रयत राजा मानी, त्याच्या बोटावरचे कुंकू फौजेपेक्षा स्वस्त पडे. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केले, तेव्हा त्याला कोणाच्याच टिळ्याची गरज भासली नाही.