छापखान्याआडची सुई

डब्ल्यू. बी. येट्स शिकवताना कुआला प्रेसचा उल्लेख ओघाने येतो. कवीची बहीण एलिझाबेथ हिने चालवलेल्या या छापखान्याला आयरिश साहित्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. पण त्याच संस्थेत दुसरी बहीण, सुझन मेरी ऊर्फ लिली, भरतकामाचा विभाग सांभाळत होती, हे सहसा सांगितले जात नाही. हौसेच्या सुईचा व्यवसाय झाला म्हणजे काय होते, हे समजून घ्यायचे तर लिलीकडे वळावे लागते.

या कथेची सुरुवात विल्यम मॉरिसच्या घरात होते. 1859 मध्ये विवाह झाल्यावर मॉरिस आणि जेन जुन्या भरतकामाचे नमुने अभ्यासू लागले. टाका कसा घातला आहे हे कळावे म्हणून ते नमुने चक्क उसवून पाहत. जेनला एका दुकानात सापडलेल्या निळ्या सर्जवर त्यांनी स्वतःच्या घरासाठी डेझीची फुले भरली. 1861 मध्ये मॉरिसने मित्रांसह कंपनी काढली आणि घरातली ही विद्या बाजारात आली. 1885 मध्ये भरतकाम विभागाची सूत्रे मुलगी मे हिच्या हाती आली, तेव्हा ती 23 वर्षांची होती. ग्राहकाला पूर्ण झालेली वस्तू मिळे. किंवा नक्षी रेखलेले, एका कोपऱ्यात काम सुरू करून दिलेले कापड रेशमासह घरी नेता येई. मेच्या कित्येक नक्ष्या मात्र पुढे दीर्घकाळ वडिलांच्याच समजल्या गेल्या.

लिली 1888 मध्ये मेच्या हाताखाली कामाला लागली. वडील चित्रकार, त्यांची मिळकत अनिश्चित. त्यामुळे तिच्या मजुरीला घरात मोल होते. सहा वर्षांनी तिने ते काम सोडले. 1902 मध्ये एव्हलिन ग्लीसनच्या पुढाकाराने डब्लिनजवळ डंड्रम येथे ‘डन एमर’ ही संस्था उभी राहिली आणि दोघी बहिणी तिथे गेल्या. एमर ही आयरिश पुराणकथांतील वीर कुहुलिनची पत्नी. तिची ख्याती सुईच्या कौशल्यासाठी होती. म्हणजे ज्या नावाने येट्सचे ‘इन द सेव्हन वूड्स’ (1903) छापून निघाले, ते नावच मुळी भरतकामाचे होते! आसपासच्या मुलींना इथे शिकवून वेतनावर घेतले जाई. लॉखरे येथील कॅथीड्रलसाठी संतांच्या चित्रांची निशाणे याच मुलींनी भरली. 1908 मध्ये बहिणींनी वेगळे होऊन ‘कुआला’ सुरू केली. आर्थिक ओढाताण कायम राहिली. कवी असलेल्या भावालाही हातभार लावावा लागला. अखेर लिलीची प्रकृती ढासळली आणि 1930 नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतच भरतकाम विभाग मिटला. छापखाना पुढेही चालत राहिला.

असे का व्हावे? एक कारण उघडच अर्थशास्त्रीय आहे. खिळे एकदा जुळवले की शेकडो प्रती निघतात. भरतकामात दुसरी वस्तूही पहिल्या टाक्यापासूनच सुरू करावी लागते आणि तिला लागणारे तास किमतीत पुरते उतरत नाहीत. दुसरे कारण स्मृतीचे आहे. पुस्तकाच्या शेवटी मुद्रकाचे नाव असते आणि प्रत ग्रंथालयात जपली जाते. उशीचा अभ्रा वापरला जातो, धुतला जातो, विरतो. जॉइसने ‘युलिसिस’मध्ये (1922) या बहिणींची टर उडवली, तीही त्यांच्या छपाईवरून. सुई थट्टेच्यासुद्धा वाट्याला आली नाही.

कर्तृत्वाची चर्चा आपण वर्गात हिरिरीने करतो. पण ती बहुधा छापील नावापाशी थांबते. लॉखरेच्या निशाणांबाबतही नक्षी काढणारे म्हणून जॅक येट्स आणि त्याची पत्नी यांचा निर्देश होतो. त्या रेषांवर ज्यांनी रेशीम आणि लोकर भरली, त्या मुलींना आपण अजूनही फक्त ‘मुली’ म्हणतो. मीही वर तेच केले आहे.