दीपचंदीच्या घरातला ड्रमर : त्रिलोक गुर्टूंना प्रोग्रेसिव्ह म्हणावे का?

रॉक ड्रमरचे वाजवणे प्रोग्रेसिव्ह आहे की नाही, हा वाद निघाला की बहुतेक जण मात्रा मोजून निकाल देतात. चार सोडून पाचात, सातात, अकरात वाजवले की तो ड्रमर पुढारलेला. १९५९ मध्ये डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचे ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आले तेव्हा जॅझवाल्यांना त्याचे नवल वाटले. १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ सातात आले आणि रॉकमध्ये आजही त्याचा दाखला देतात. पण हेच माप त्रिलोक गुर्टूंना लावले की ते निरुपयोगी ठरते. त्यांच्या बाबतीत निकाल द्यायचा तर उरलेली साधने एकेक करून तपासावी लागतात : रेकॉर्डच्या वेष्टनांवरच्या नामावल्या, तारीख नोंदलेले एक ध्वनिमुद्रण, मैफलींचे चित्रीकरण, समीक्षकांच्या मतदानाचे निकाल आणि गुर्टूंनी स्वतः दिलेली एक कबुली. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसूनही आज हे सगळे पाहता-ऐकता येते.

आधी घर. त्रिलोक यांचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१ चा. आई शोभा गुर्टू, माहेरच्या शिरोडकर, बेळगावच्या. आजी मेनकाबाई शिरोडकर नर्तकी होत्या आणि गाणे अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. शोभाताईंची सुरुवात भूर्जी खाँकडे झाली, पण त्यांचे नाव झाले ते ठुमरी-दादऱ्यात, आणि ती तालीम घम्मन खाँची. त्रिलोक तबला शिकले तो या घरात.

ठुमरीचे घर, या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. ठुमरी पुष्कळदा दीपचंदीत असते. चौदा मात्रा, तीन-चार-तीन-चार अशा विभागलेल्या. म्हणजे अर्धे आवर्तन सातच मात्रांचे. पण खरी गंमत शेवटाकडे आहे. बोल खुलवून झाले की गायिका मुखडा धरून ठेवते आणि तबलजी लग्गी सुरू करतो. ताल बदलतो, केरव्याची किंवा त्रितालाची दुगुण धावू लागते, तबल्याला मोकळे रान मिळते. मग एक तिहाई येते आणि सगळे पुन्हा संथ दीपचंदीवर उतरते. चालू गाण्यात ताल आणि लय दोन्ही बदलायचे आणि श्रोत्याला धक्का न देता परत जागेवर यायचे, ही करामत इंग्लंडच्या प्रोग्रेसिव्ह बँडांनी सत्तरच्या दशकात मोठ्या अभिमानाने मिरवली. गुर्टूंच्या घरी ती रियाजाची बाब होती. म्हणून विषम मात्रांचा पुरावा मी इथे बाजूला ठेवतो. त्यावरून ते परंपरेत मुरलेले होते एवढेच सिद्ध होते.

आता ती कबुली. १९९५ मध्ये जिमी हेन्ड्रिक्सवरच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात गुर्टूंनी सांगितले, की पाश्चात्त्य संगीत शिकू लागलो तेव्हा ओव्हरडबिंग नावाचा प्रकार असतो हे मला माहीतच नव्हते. त्यामुळे दुसरे कुणी ज्यांच्या वाटेला गेले नसते असे अनेक भाग शिकून घ्यावे लागले. स्टुडिओत एक थर वाजवून घेतात, तो ऐकत त्याच फितीवर दुसरा चढवतात, मग तिसरा. रेकॉर्डवर मात्र सगळे एकदम ऐकू येते. ज्याला ही युक्ती ठाऊक नाही, त्याला ते सारे एका दमात, दोन हातांनी वाजवलेले वाटणार, आणि तो तसेच वाजवायला बसणार.

ही आठवण वीस-पंचवीस वर्षांनंतर सांगितलेली आहे. एवढ्या अंतराने माणूस आपली गोष्ट नीटनेटकी करून सांगतो, हे इतिहास लिहिणाऱ्याने धरून चालावे. म्हणून तिला दुसरा आधार हवा, आणि तो आहे. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅकलाफ्लिनच्या त्रयीची मैफल ध्वनिमुद्रित झाली. गिटारवर मॅकलाफ्लिन, बासवर काय एकहार्ट, आणि तालाला एकटे गुर्टू. श्रोत्यांसमोर, वेळच्या वेळी. डोळे मिटून ऐकले तर तबला, ड्रम, झांजा आणि बारीकसारीक किणकिण यांसाठी निदान दोन माणसे लागली असतील असे वाटते. १९९५ ची आठवण आणि १९८९ चे ध्वनिमुद्रण एकमेकांशी जुळतात. म्हणून मी ती आठवण ग्राह्य मानतो.

चित्रीकरणांत बैठक दिसते. रॉकचा ड्रमर स्टुलावर बसतो आणि सगळे वाद्य त्या उंचीला लावलेले असते. गुर्टू स्टूल टाकून जमिनीशी, अर्धे गुडघ्यावर बसतात; तबला आणि ड्रम एकाच कवेत येतात. आमच्याकडे गोंधळी संबळ कमरेला बांधून उभ्याने वाजवतो. कसे बसावे, कसे उभे राहावे हे वाद्याच्या कामावरून ठरते, हे त्याला सांगावे लागत नाही. गुर्टूंनी आपले काम बदलले, म्हणून बैठक बदलली.

शेजारी पाण्याची बादली असते. गुर्टू झांज वाजवून ती पाण्यात बुडवतात. शिंपल्यांच्या माळाही तशाच भिजवून हलवतात. कंप पावणाऱ्या धातूला पाण्याचे वजन ओढावे लागते, कंपने मंदावतात आणि स्वर खाली घसरतो; झांज वर काढली की तो पुन्हा चढतो. ड्रमसेटवर आघात झाला की आवाज जिथल्या तिथे विरतो, त्याला वळवता येत नाही. डग्ग्यावर मात्र तळहाताच्या दाबाने घुमारा वळवतात. डग्ग्याचा हा गुण गुर्टूंनी बादलीच्या साहाय्याने धातूत आणला. माझ्या मते प्रोग्रेसिव्हपणाचा सर्वांत भक्कम पुरावा हाच, कारण इथे वाद्याला जे येत नव्हते ते करायला लावले आहे.

तुलनेला किंग क्रिम्झनची १९७३ ची ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ घ्या. तिच्यात बिल ब्रूफर्ड ड्रमसेटवर आहेत आणि जेमी म्यूर धातूच्या पत्र्यांपासून साखळ्यांपर्यंत हाताला येईल ते वाजवतात. ब्रूफर्डचे नाव प्रोग्रेसिव्ह ड्रमरांच्या यादीत निर्विवाद असते. त्या रेकॉर्डवर दोघांनी वाटून घेतलेले काम गुर्टू एका बैठकीत करतात.

विरुद्ध पुरावाही मांडला पाहिजे. गुर्टूंची वाट रॉक बँडातून गेलेली नाही. तबलावादक कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेले, त्यानंतर ‘ओरेगॉन’मध्ये त्यांची जागा गुर्टूंनी घेतली, १९८७ च्या ‘इकोटोपिया’वर ते आहेत. हा गट जॅझचा. ‘डाउनबीट’च्या समीक्षकांनी १९९४, १९९५ आणि १९९६ अशी सलग तीन वर्षे त्यांना पहिले स्थान दिले ते पर्कशनमध्ये, ड्रमचा विभाग वेगळा असतो. २०११ च्या ‘ट्वेंटी वन स्पाइसेस’मध्ये तर शेजारी सायमन फिलिप्ससारखा पक्का रॉक ड्रमर आहे, आणि सेट फिलिप्सकडे आहे. या नोंदींवरून कुणी म्हणेल, गुर्टू रॉक ड्रमर नव्हेतच. ते बरोबर आहे. पण मॅकलाफ्लिनच्या १९७१ च्या महाविष्णू ऑर्केस्ट्राला प्रोग्रेसिव्ह रॉकचे श्रोते आपला मानतात, तो तरी रॉकच्या चौकटीत कुठे बसतो? आणि समीक्षकांच्या याद्या समीक्षकांना काय वाटले ते सांगतात. हाताने काय वाजले ते ध्वनिमुद्रणच सांगते.

राहिली १९८८ ची ‘उसफ्रेत’, गुर्टूंची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड. नामावलीत डॉन चेरी, एल. शंकर, राल्फ टाउनर, योनास हेलबोर्ग, आणि त्यांच्या बरोबरीने शोभा गुर्टू. एका रचनेचे नावच ‘शोभारॉक’. बेळगावच्या ठुमरी गायिकेचा स्वर आणि मुलाचे ड्रम एका वेष्टनात आले, तेही जर्मनीतल्या कंपनीकडून. आईला पाहुणी म्हणून एकदा गाऊन घेतले, असेही नाही. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’वर जो झाविनुल आणि पॅट मेथिनी यांच्या सोबत त्या पुन्हा आहेत.

माझा निर्णय असा. रॉकच्या घराण्याची वंशावळ काढायची तर गुर्टू तिच्यात येत नाहीत. पण ड्रमकडून कधी न घेतलेले काम घेणे हे माप मानले, तर ते प्रोग्रेसिव्ह ठरतात आणि त्या यादीतल्या अनेकांच्या पुढे आहेत. पटत नसेल त्याने १९८९ चे लंडनचे ध्वनिमुद्रण हातावर टाळी धरून ऐकावे. मात्रा चुकल्या तरी चालतील. किती हात वाजत आहेत ते मोजावे.