एम५ : एका टनाचा इतिहास
१९८५ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या वाहनप्रदर्शनात बीएमडब्ल्यूने पहिली एम५ मांडली. बाहेरून ती कचेरीत जाणाऱ्या सभ्य गृहस्थाची चारदारी मोटार. आत मात्र एम१ या स्पोर्ट्स कारच्या वंशातले साडेतीन लिटरचे, २८६ अश्वशक्तीचे इंजिन. वजन सुमारे १,४३० किलो.

२०२४ ची सातवी पिढी ७२७ अश्वशक्तीची. वजन मात्र २,४०० किलोंच्या वर, म्हणजे जवळजवळ एक टन अधिक!

याचा दोष अभियंत्यांच्या माथी मारणे सोपे. पण ते अर्धसत्य होय. युरोपीय संघाने वाहननिर्मात्यांच्या नव्या गाड्यांवर कार्बन डायऑक्साइडची सरासरी मर्यादा घातली. अशा काळात मोठे व्ही८ इंजिन टिकवायचे, तर सोबतीला विद्युत मोटर आणि जड बॅटरी आलीच.

कायद्याची ही झळ नवी नव्हे. पहिल्या एम५ची अमेरिकी आवृत्ती तिथल्या उत्सर्जननियमांपायी २५६ अश्वशक्तीवर उतरली होती. रसिक हे सोयीस्कर विसरतात.

शून्यापासून ताशी १०० किमी वेग गाठायला जुनीला सुमारे साडेसहा सेकंद लागत; नवीला साडेतीन पुरतात. वळणावर मात्र तो वाढीव टन लपत नाही.