राख, काँक्रीटमधील

औष्णिक वीजकेंद्रात कोळशाची भुकटी जळाल्यावर धुराबरोबर वर जाणारी व चिमणीआधीच्या यंत्रणेत पकडली जाणारी अतिशय बारीक राख. बाजारातले नाव फ्लाय ॲश. मराठवाड्यात तिचा उगम म्हणजे परळी वैजनाथचे वीजकेंद्र. इस्लापूरला (ता. किनवट, जि. नांदेड) घर बांधणाऱ्याला ती राख म्हणून दिसत नाही, ‘पीपीसी’ (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) छापलेल्या सिमेंटच्या गोणीतून ती घरी येते. भारतीय मानक १४८९ (भाग १) प्रमाणे या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात ते साडेसतरा किलो. पुष्कळांना ही भेसळ वाटते. ती भेसळ नव्हे.

सिमेंट पाण्याशी मिळाले की खडी-वाळूला बांधणाऱ्या चिकट द्रव्याबरोबर चुनाही सुटतो. जुन्या स्लॅबखाली दिसणारे पांढरे ओघळ बहुधा याच चुन्याचे. राखेतली सिलिका हा चुना धरून आणखी बांधणारे द्रव्य तयार करते. वाड्यांच्या चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घालत. त्यामागचे रसायन हेच. या वाढीव द्रव्यामुळे काँक्रीटमधली छिद्रे बारीक होतात, पाणी व क्षार आत कमी शिरतात, सळई उशिरा गंजते. काँक्रीट घट्ट होताना उष्णताही कमी निघते, म्हणून धरणांना राख विशेष मानवते. सह्याद्रीतील घाटघर प्रकल्पात रोलरने दाबून बांधलेल्या धरणांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राखच जास्त होती.

कोणतीही राख मात्र चालत नाही. वीजकेंद्राच्या राख-तलावातली ओली, भरड राख विटांना व भरावाला ठीक. सिमेंटच्या जागी नको. लातूर-नांदेडच्या साखर कारखान्यांतील बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेतही सिलिका असते, पण अर्धवट जळालेला कोळसा राहतो. नीट जाळून, दळून घेतल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही.

राखेचे काम सावकाश चालते. सुरुवातीच्या दिवसांत असे काँक्रीट मागे असते, पुढे काही महिने बळ धरत राहते, तेही ओल टिकली तरच. सेंट्रिंग लवकर काढण्याची घाई आणि दोन दिवसांत पाणी मारणे थांबवण्याची सवय इथे महागात पडते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी हवे, कोरड्या उष्ण हवेत १०. राखमिश्रित सिमेंटसाठी मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे. किनवटकडे मे महिन्यात स्लॅब टाकायचा असेल, तर आधी या १४ दिवसांच्या पाण्याची सोय पाहावी.